दोन किलोमीटरला एक स्टार्ट: कोथरूडच्या एका कमी चालणाऱ्या गाडीचं प्रकरण

१८ ऑगस्ट २०२४, श्रावणातला रविवार. काका-काकू पहाटेच कोथरूडहून वाईला निघाले होते, काकूंच्या माहेरच्या सत्यनारायणाला. साडेआठला काकांचा फोन आला. "अगं, लाल दिवा लुकलुकतोय. तो चहाच्या किटलीसारखा दिसतो ना, तो."

खंबाटकी घाट गाडी बिनतक्रार चढली होती. महामार्गावर काही नाही. वाईत शिरल्यावर कृष्णेच्या पुलाअलीकडे गर्दीत थांबले आणि दिवा लागला. अॅक्सिलरेटर दाबला की विझायचा, पाय काढला की पुन्हा लुकलुक.

"काका, आधी इंजिन बंद करा. मग बोलू."

किटलीचा लाल दिवा म्हणजे इंजिनमधल्या ऑइलचा दाब पडला. काही दिव्यांना 'घरी जाऊन बघू' म्हणता येतं, याला नाही. काकांनी गाडी कडेला घेतली, दहा मिनिटं थांबून बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी पुसून पुन्हा बुडवली. तेल दोन खुणांच्या मधोमध, किंचित वरच. म्हणजे तेल होतं, भरपूर नसलं तरी पुरेसं होतं. पण काका भलत्याच गोष्टीने हादरले होते. "परवाच बघितलं मी. वरच्या खुणेच्याही नखभर वर होतं. दोन तासांत गेलं कुठं? खाली थेंब नाही सांडलेला. धूर नाही."

या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि बाकी सगळं प्रकरण उलगडत गेलं. म्हणून ते सविस्तर लिहिते. मी इंजिन ऑइलच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं काढली आहेत. काका-काकू आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. त्यांची परवानगी घेतली आहे. काकांची अट एकच, की हिशेबात चूक नको. ते बँकेतून निवृत्त झालेत.

वाईतल्याच एका गॅरेजवाल्याकडून ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या, तोवर गाडी हलवू नका, आणि निघालेलं तेल पाण्याच्या बाटलीत अर्धा लिटर मागून आणा, असं मी सांगितलं. गॅरेजवाल्याला ही शेवटची मागणी चमत्कारिक वाटली. जुनं तेल लोक कुंपणाच्या खांबांना फासायला नेतात, पुण्याला कोण नेतं?

गाडी आणि डायरी

२०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर. पहिली पाच वर्षं मुंबई, कोकण, गाणगापूर असं सगळं झालं. मग कोविड आला, मुलगा परदेशी गेला. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली आणि डेक्कनची कामंही गाडीतून सुटली. उरलं ते मंडई, दवाखाना, काकूंचं भजनी मंडळ, कर्वेनगरची बहीण. एका फेरीला जाऊन-येऊन चारेक किलोमीटर.

शेवटचं सर्व्हिसिंग ११ जून २०२२ ला झालं होतं, २७,३४० किलोमीटरला. वाईत दिवा लागला तेव्हा आकडा होता २९,२१०. सव्वीस महिन्यांत १,८७० किलोमीटर.

काकांचं म्हणणं साधं होतं आणि ते ऐकताना चुकीचं वाटतही नाही. "दहा हजाराला ऑइल बदला म्हणतात. माझी दोन हजारसुद्धा झाली नाही. न वापरलेलं तेल फेकायचं? आणि दुकानात सीलबंद डबा चार-चार वर्षं राहतो, त्याला काही होत नाही, मग माझ्याच इंजिनात ते नासतं कसं?"

डब्यातल्या तेलाला खरंच काही होत नाही. इंजिनातलं तेलही नुसतं पडून फारसं नासत नाही. त्याला नासवतं ते त्यात येऊन मिसळणारं, आणि ते येतं इंजिन चालू केल्यावर. गाडी कमी चालली यात काकांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते ती किती वेळा चालू केली यात.

हे मला आधी कळलं नव्हतं. कळलं ते डायरीमुळे. काका १९७८ पासून रोजचा खर्च लिहितात. त्यात गाडीचं एक पान: तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती लिटर, आणि महिन्यातून एकदा 'तेल: ठीक'. ती पानं मी दोन संध्याकाळ वाचली.

नोव्हेंबर २०२२: मुंबई, ३२० किलोमीटर. जानेवारी ते मार्च २०२३: गाडी बंद, दोघं मुलाकडे. एप्रिल २०२३: 'बॅटरी गेली. नवी बसवली. हँडब्रेक चिकटला होता, मेकॅनिक बोलवावा लागला.' आणि त्याखाली, लाल शाईत: 'यापुढे रोज १० मि. स्टार्ट.'

प्रकरणाची सुरुवात इथे आहे. परदेशातून आल्यावर गाडीने सेल मारला नाही. पार्किंगमध्ये चार अनुभवी माणसं जमली आणि चौघांनी एकच सल्ला दिला: गाडी रोज चालू करून ठेवत जा. तेव्हापासून ज्या दिवशी बाहेर जायचं नसेल त्या दिवशी काका सकाळी खाली यायचे, गाडी चालू करायचे, शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचायचे. दहा मिनिटं, काटा जरा वर आला की बंद. आठवड्यातून निदान चारदा. इमारतीत सगळे म्हणायचे, गाडी ठेवावी तर काकांनी.

तेल वर का चढलं

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. नळाचं पाणी जसं, तसंच पाणी, फक्त वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून बाहेर जाते. हिवाळ्यात सकाळी सायलेन्सरच्या तोंडातून थेंब गळताना दिसतात ते हेच. पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली, तेलाच्या पेटीत उतरते. इंजिन तापलेलं असेल तर ती तिथून पुन्हा वाफ म्हणूनच खेचली जाते; त्यासाठी वेगळी नळी आणि झडप असते. इंजिन गार असेल तर तिचं पाणी होतं आणि ते तेलात पडतं.

पेट्रोलचंही तसंच. गार इंजिनला चालू व्हायला जास्त पेट्रोल लागतं. गाडीचा संगणक ते देतो, पण गार भिंतींवर ते सगळं जळत नाही. थोडं पेट्रोल सिलिंडरची भिंत धूत खाली तेलात जातं. इंजिन अर्धा तास तापलं तर त्यातलं बरंचसं उडून जातं. दहा मिनिटांत नाही.

काकांचा भरवसा त्या काट्यावर होता. पण तो काटा पाण्याचा आहे, तेलाचा नाही. इंजिन गार ठेवणारं कूलंटचं पाणी पाच-सात मिनिटांत तापतं. तेलाला रस्त्यावरसुद्धा त्याच्या दुप्पट वेळ लागतो. पार्किंगमध्ये उभ्या गाडीवर तर काही भारच नसतो, त्यामुळे तिथे तेल कोमट होऊन पुन्हा गार व्हायचं. रोज थोडं पाणी, रोज थोडं पेट्रोल. गाडीला तेल पाजतोय असं वाटत होतं, पाजत होतो पाणी.

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. डायरीत डिसेंबर २०२३ ला वाईची एक फेरी आहे, आणि तिच्यानंतर नोंद: 'तेल थोडं कमी. पाव लिटर भरलं.' मार्च २०२४: 'तेल: वर.' मे: 'तेल: वर. उत्तम.' तेल कमी होत नाही म्हणजे इंजिन सोन्यासारखं, असा त्यांचा समज. पण तेल कधी आपोआप वाढत नाही. पट्टीवर तेल चढताना दिसलं तर त्यात दुसरं काहीतरी मिसळतंय, हे घसरण्यापेक्षा वाईट लक्षण. डिसेंबरच्या फेरीत तापून भेसळ उडाली, पातळी उतरली, काकांनी वरून भरलं. मग आठ महिन्यांत पुन्हा भेसळ साठली. ऑगस्टमध्ये घाट चढून, नव्वद किलोमीटर तापून, ती परत उडाली. दोन तासांत नाहीसं झालेलं ते 'तेल' कधी तेल नव्हतंच.

जे मागे राहिलं ते पेट्रोलच्या जड भागाने पातळ झालेलं. महामार्गावर तेलाचा पंप जोरात फिरतो, पातळ तेलालाही दाब मिळतो. गर्दीत इंजिन आयडलिंगला आलं, तेल कडक तापलेलं, आणखी पातळ. दाब पडला, दिवा लागला.

तवा

बाटली पुण्यात आल्यावर वास घेतला. पेट्रोलचा वास स्पष्ट. ब्लॉटिंग पेपरवर एक थेंब टाकून रात्रभर ठेवला: मधे काळा ठिपका, आणि त्याच्याबाहेर फिकट पिवळं, रुंद वलय पसरलेलं. इंधन मिसळलेल्या तेलाचं वलय असंच दूर धावतं. घरगुती चाचणी आहे, आकडा देत नाही, दिशा दाखवते.

मग पाण्याची चाचणी. काकूंकडून टाकायला काढलेला तवा मागितला. गॅसवर तापवला, गॅस बंद केला, तवा बाल्कनीत नेला आणि बाटलीतला एक थेंब टाकला. (ज्याला पेट्रोलचा वास आहे ते तेल पेटत्या शेगडीजवळ नेऊ नये, एवढं लक्षात ठेवा.) पाणी असेल तर थेंब तडतडतो. आमचा गप्प बसला. काकांचा चेहरा खुलला.

पण बाटलीतलं तेल घाट चढून आलं होतं, त्यातलं पाणी वाटेतच उडालं असणार. म्हणून मी खाली जाऊन ऑइल भरण्याच्या झाकणाखालची साय खरवडून आणली. झाकण इंजिनच्या वरच्या टोकाला, तुलनेने गार जागी असतं, आणि वाईच्या गॅरेजवाल्याने ते पुसलं नव्हतं. बासुंदीच्या सायीसारखा पिवळट थर. तो तव्यावर पडताच काकू आतून म्हणाल्या, "फोडणी कुणी टाकली?"

ही साय बघून घाबरगुंडी उडते, कारण हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, फाटलं आणि कूलंट तेलात आलं तरी असाच दुधाळ रंग येतो, आणि तो खर्च मोठा. फरक करायचा सोपा मार्ग: कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारा आणि आठवडाभर रोज सकाळी गार इंजिनवर बघा. काकांची रेघ हलली नाही. म्हणजे ते पाणी पेट्रोल जळून आलेलंच होतं.

मोजायचं काय

किलोमीटरचं माप इथे नापास झालं होतं. मला आधी वाटलं तासांनी हिशेब लागेल. काकूंच्या भावाचा वाईला ट्रॅक्टर आहे, त्याला किलोमीटर कोण विचारतं? तासांचं मीटर बघूनच ऑइल बदलतात. जनरेटरचंही तसंच. म्हणून डायरीवरून तास काढले. लांबच्या फेऱ्या ५९० किलोमीटर, ताशी पन्नासने बारा तास. शहरातले १,२८० किलोमीटर, पुण्याच्या रहदारीत ताशी सोळाने ऐंशी तास. पार्किंगमधली दहा-दहा मिनिटं साधारण २६० वेळा, म्हणजे त्रेचाळीस. एकूण १३५ तास.

रोज ऑफिसला जाणारी गाडी ताशी सरासरी चाळीसने दहा हजार किलोमीटर करते तेव्हा तिचे २५० तास होतात. म्हणजे तासांच्या हिशेबानेही काकांचं तेल निम्मंच वापरलेलं! इथे मी थोडी अडले, खोटं कशाला बोलू.

मग स्टार्ट मोजले. चार किलोमीटरच्या ३२० फेऱ्या. प्रत्येक फेरीत जाताना एक आणि येताना एक, मिळून ६४०. पार्किंगमधले २६०. नऊशे. दोन किलोमीटरला एक स्टार्ट. चाळीस-चाळीस किलोमीटर जाणाऱ्या गाडीचे दहा हजारांत अडीचशे होतात. काकांच्या गाडीने पाचव्या हिश्श्याहून कमी अंतरात साडेतीनपटीहून जास्त वेळा गार किंवा अर्धगार सुरुवात केली होती, आणि सव्वीस महिन्यांत तेल खऱ्या अर्थाने तापलं ते फक्त तीनदा.

पेट्रोलचा आकडाही याच्याशी जुळला. डायरीत १७१ लिटर. म्हणजे अॅव्हरेज जेमतेम अकरा. काका सहा महिने पंपवाल्यावर संशय घेऊन पंप बदलत होते. उभ्या गाडीत तासाला पाऊण लिटर धरलं तर त्रेचाळीस तासांत बत्तीस लिटर पार्किंगमध्येच गेलं. हा आकडा ऐकून काका बराच वेळ गप्प होते. तेल, इंजिन, साय यांपैकी कशानेही त्यांना एवढं लागलं नव्हतं. बत्तीस लिटर, शंभराच्या वरचा भाव, आणि अंतर शून्य.

उलट उदाहरणही आमच्याच इमारतीत आहे. एक गाडी महिन्यातून एकदाच सातारला जाते आणि येते, एरवी कव्हरखाली. वर्षाला तीनेक हजार किलोमीटर. तिचं तेल मी सोळा महिन्यांनी बघितलं, झाकण स्वच्छ, वास नाही. दोन्ही गाड्या 'कमी चालणाऱ्या'. दोघींना एकच नियम लावणं मला पटत नाही. पण वॉरंटी चालू असेल तर माझं पटणं-न पटणं बाजूला ठेवा आणि पुस्तिकेतली तारीख पाळा. तिथे 'दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, यातलं आधी येईल ते' असं लिहिलेलं असतं आणि भांडणाच्या वेळी तेवढंच वाचलं जातं.

आठवण कुणी केली नाही?

केली होती. तिघांनी.

दाराच्या खांबावर सर्व्हिस सेंटरचा स्टिकर होता: ३७,३४० किलोमीटर, किंवा जून २०२३. काकांनी वरची ओळ वाचली. तारीख बारीक अक्षरात होती, पण खरं कारण ते नव्हे. अजून आठ हजार बाकी आहेत हे वाचून बरं वाटलं, मग खाली कोण बघतो?

मेसेजही आले, पण मुलाच्या जुन्या नंबरवर. गाडी घेताना त्याचा नंबर दिला होता, तो बदलायचं कुणाला सुचलं नाही.

तिसरी आठवण फोनवरून यायची. दर पंधरा दिवसांनी एक मुलगी गोड आवाजात बोलायची: मोफत तपासणी शिबिर, पावसाळी सवलत, विम्याचं नूतनीकरण. त्यातच कधीतरी 'आपली सर्व्हिसिंगची मुदत उलटली आहे' हेही होतं. विकण्याच्या आणि सांगण्याच्या फोनमध्ये फरक राहिला नाही की माणूस दोन्ही ठेवून देतो.

काकांची गाडी जुनी, तिला सर्व्हिसिंगची आठवण करून देणारा पान्याचा दिवा नाही. हल्लीच्या अनेक गाड्यांत असतो. तो बहुतेक गाड्यांत किलोमीटर आणि दिवस मोजतो. काही गाड्या तापमान आणि वापर बघून तेलाचं आयुष्य टक्क्यांत दाखवतात, ते जास्त उपयोगाचं. पण बाहेरच्या गॅरेजात तेल बदललं आणि तो दिवा पुन्हा शून्यावर आणला नाही, तर पुढचं सगळं मोजमाप चुकतं. मेकॅनिकला हे सांगावं लागतं.

सव्वीस हजारांचं भय

वाईहून आल्यावर काका घाबरून सर्व्हिस सेंटरला गेले. नाव लिहीत नाही. तिथे अंदाजपत्रक मिळालं: इंजिन फ्लश, डीकार्बोनायझिंग, इंजेक्टर सफाई, थ्रॉटल बॉडी, महागडं सिंथेटिक ऑइल, शिवाय 'गाडी कमी चालते म्हणून दर तीन महिन्यांनी ऑइल बदला'. सगळं मिळून वर्षाचे सव्वीस हजार होत होते. दोन वर्षं काहीच न करणारा माणूस भीतीपोटी सगळंच करायला तयार होतो, आणि काउंटरवरच्या माणसाला ते चेहऱ्यावर दिसतं.

सिंथेटिक तेल चांगलं असतं. ते उष्णतेत टिकतं, थंडीत लवकर वाहतं. पण पाणी आणि पेट्रोल त्यातही तसंच पडतं. फ्लशचं रसायन मला जुन्या, गाळ साठलेल्या इंजिनात आवडत नाही; सुटलेला गाळ तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकला तर दाब आणखी पडतो. आम्ही साधा मार्ग घेतला. वाईला भरलेलं तेल हेच धुण्याचं तेल मानलं. त्यावर चारशे किलोमीटर, त्यातले बरेच मोकळ्या रस्त्यावर. मग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गरम इंजिनवरच ते काढलं, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं सव्वातीन लिटर नवं तेल आणि नवा फिल्टर. तेल आणि फिल्टर काकांनी स्वतः नाना पेठेत जाऊन आणले, तीन दुकानांत भाव करून. मजुरीसकट अडीच हजारांच्या आत. झाकण आतून पुसायला या वेळी विसरलो नाही.

दिवा पुन्हा लागला नाही. गरम इंजिनवर गॅरेजवाल्याने गेज लावून दाब मोजला, ठीक होता. बेअरिंगला आतून काही झालं असेल तर ते आज दिसणार नाही. काकांना मी तेही सांगितलं.

नवं वेळापत्रक

ऑइल वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात. हा मुहूर्त काकूंचा. "दसऱ्याला गाडीची पूजा होतेच, हार घालायच्या आधी आंघोळ नको का?" मला त्यात आणखी एक सोय दिसली: पावसाळाभरच्या गार, दमट, छोट्या फेऱ्यांचं साठलेलं सगळं तेव्हाच बाहेर पडतं. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता, २०२५ चा २ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला जातो आणि वर्ष साडेबारा महिन्यांचं होतं. काकांनी लगेच हरकत घेतली. वॉरंटी केव्हाच संपली आहे, अठरा दिवसांनी काही बिघडत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी ते डायरीत माझ्या नावासकट लिहून ठेवलं.

रोजचं दहा मिनिटांचं सुरू करणं बंद. हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण त्या सवयीने बॅटरी खरोखर जिवंत राहिली होती. इथे काका बरोबर होते. बंद गाडीतही घड्याळ, लॉक, संगणक थोडा करंट खात असतात. काकांच्या गाडीत तो २८ मिलीअँपिअर निघाला, म्हणजे दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आत. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अशी सव्वीस दिवसांत निम्मी होते, आणि तीन महिन्यांत पार बसते, २०२३ मध्ये बसली तशीच. पण बॅटरीसाठी इंजिन नासवायचं कारण नाही. आता महिनाभर किंवा जास्त बाहेर जायचं असेल तर काका निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवतात. एरवी पंधरा दिवसांनी मल्टिमीटर लावतात, १२.६ व्होल्ट भरलेली, १२.४ पर्यंत चालेल, १२.२ म्हणजे निम्मी, चार्जर लावा.

सकाळच्या पेपरऐवजी आता पंधरवड्यातून एक रविवार. पहाटे सहाला वारज्याहून बायपास, कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर टोलनाक्याच्या अलीकडूनच माघारी. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, मधे न थांबता. टोल भरून पुढे जाण्याचा प्रश्नच नाही. छोट्या फेऱ्या शक्य तिथे एकत्र करायच्या: दवाखाना, मंडई आणि बहीण एकाच दिवशी, एकाच तापलेल्या इंजिनवर.

बाकीचं थोडक्यात. टायरवर चार आकडी खूण होती, १८१५, म्हणजे २०१५ चा अठरावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, बाजूच्या भिंतीला केसासारख्या भेगा. चारही बदलले, किलोमीटरकडे बघून टायर ठेवणं हीसुद्धा स्टिकरची वरचीच ओळ वाचण्यासारखी गोष्ट. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते दर दोन वर्षांनी, गाडी चालो न चालो. हँडब्रेक पावसाळ्यात ओढून ठेवायचा नाही. गाडी गिअरमध्ये, चाकामागे वीट. आणि उंदीर. एअर फिल्टरच्या खोक्यात शेंगदाण्याची टरफलं सापडली. त्यावर इलाज म्हणून काकूंनी बॉनेटखाली तंबाखूची पुरचुंडी बांधली आहे. उपयोग होतो की नाही, माझा अभ्यास त्या विषयात नाही.

एक वर्षानंतर

दसरा २०२५ च्या आधी पुन्हा तेल काढलं. डायरीप्रमाणे वर्षात २,२१० किलोमीटर, १४७ लिटर, अॅव्हरेज पंधरा. स्टार्ट साधारण ३७०, म्हणजे सहा किलोमीटरला एक. पट्टीवरची पातळी वर्षभर वरच्या खुणेच्या खाली केसभर, तिथेच. ब्लॉटिंग पेपरवरचं वलय अरुंद.

सगळं छान नव्हतं. ठरलेल्या सव्वीस रविवारांपैकी सतरा झाले. जुलै-ऑगस्टमध्ये एकही नाही. पावसात बायपासवर जायला काकूंचा ठाम नकार, आणि त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. त्या दोन महिन्यांत झाकणाखाली साय पुन्हा धरली, पातळ, नखाएवढी. सप्टेंबरच्या दोन फेऱ्यांत गेली.

एक प्रश्न काकांच्या मुलाने फोनवर विचारला: एवढं करण्यापेक्षा गाडी विकून रिक्षाच का नाही? विमा, पेट्रोल, टायर, तेल मिळून किलोमीटरचा जो भाव निघतो त्यात रिक्षा केव्हाही स्वस्त, हे काकांनीच आकडेमोड करून दाखवलं. काकू म्हणाल्या, "रात्री दोनला तुझ्या बाबांच्या छातीत दुखलं, तर रिक्षा शोधायला कोण जाईल?" मुलगा त्यावर काही बोलला नाही. गाडी आहे.

खाली पार्किंगमध्ये आमचे वॉचमन अजूनही तीन गाड्या रोज सकाळी चालू करतात. मालक परगावी असतात आणि त्याचे महिन्याला पैसे देतात. परवा काका त्यांच्याजवळ उभे राहून समजावत होते, हातात मल्टिमीटर. वॉचमननी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, मग माझे पैसे बंद होणार का?" काका वर येऊन म्हणाले, तिन्ही मालकांना पत्र लिहायचं आहे, टर्मिनल काढण्या-लावण्याचे तेवढेच पैसे द्या म्हणून. मसुदा माझ्याकडे तपासायला आला आहे. अडीच पानी आहे.